स्कॉलरशिप मिळते, मग आणखी पैसे कशाला?

पत्र

माझा मुलगा 20 वर्षांचा आहे. टेनिसच्या जोरावर त्याला अमेरिकेतल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. सध्या दुसरं वर्ष चालू आहे. साठ टक्के खर्च स्कॉलरशिपमधून भागतो, उरलेल्यासाठी आम्ही कर्ज काढलं आहे. त्याच्याच इमारतीत राहणाऱ्या एका बास्केटबॉल खेळाडूला कॉलेजकडून पैसे मिळतात, शिवाय गाडीही मिळाली आहे. आमचा मुलगा पहाटे पाचला उठून तेवढीच मेहनत करतो आणि महिनाअखेरीस आमच्याकडे पैसे मागताना ओशाळतो. आता तिथल्या एका भारतीय दुकानदाराने त्याला सांगितलं आहे की आमचा टी-शर्ट घालून इन्स्टाग्रामवर व्हिडिओ टाक, शनिवार-रविवारी आमच्या ओळखीच्या मुलांना टेनिस शिकव, महिन्याला 800 डॉलर देतो. माझे यजमान निवृत्त शिक्षक. ते म्हणतात, "शिक्षण मिळतंय हीच कमाई. विद्यार्थ्याने खेळाचे पैसे घेणं मला पटत नाही." माझा भाऊ न्यू जर्सीला असतो. तो म्हणतो, व्हिसाची अडचण असेल तर पैसे माझ्या खात्यात घेऊ. यावरून बापलेकात बोलणं बंद झालंय. कोणाचं खरं मानू?
— एक आई, सांगली

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या घरातल्या भांडणात दोन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत. कॉलेजसाठी खेळणाऱ्या मुलांना पैसे मिळायला हवेत का, हा एक. तुमच्या मुलाने हे 800 डॉलर घ्यावेत का, हा दुसरा. पहिल्यात तुमचा मुलगा बरोबर आहे. दुसऱ्यात तुमच्या यजमानांचं "नको" बरोबर आहे, पण त्यामागचं कारण मला मान्य नाही. आणि भावाने काढलेली वाट तर पूर्णपणे बंद करा. ते आधी सांगते, कारण त्यात उशीर परवडणारा नाही: मुलाने दुकानदाराला अजून होकार दिला नसेल तर देऊ नये, आणि दिला असेल तर एकही व्हिडिओ टाकण्याआधी थांबावं. का ते खाली येईलच.

आता यजमानांचा मुद्दा. तो मी हलका मानत नाही. आयुष्यभर शिकवलेल्या माणसाला शिक्षण हीच मोठी मिळकत वाटावी, यात गैर काही नाही. अमेरिकेतही शंभर वर्षं हाच युक्तिवाद चालला. तिथल्या कॉलेजांच्या खेळांची मुख्य संघटना एनसीएए 1906 साली स्थापन झाली. अमेरिकन फुटबॉलमध्ये (चेंडू हातात घेऊन धडका देत खेळायचा तिथला खेळ) मुलं मरत होती, खुद्द अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यात लक्ष घातलं आणि त्यातून ही संघटना उभी राहिली. म्हणजे सुरुवात मुलांच्या जिवाच्या काळजीतून झाली. पुढे त्याच संघटनेचं मुख्य काम मुलांच्या हातात पैसा जाऊ न देणं हे होऊन बसलं. खेळावर स्कॉलरशिप द्यायला तिने 1956 मध्ये रीतसर परवानगी दिली. 1973 मध्ये ती स्कॉलरशिप एकेका वर्षाची केली, आणि पूर्ण मुदतीची स्कॉलरशिप पुन्हा देता यायला 2012 उजाडलं. यजमानांना विचारा: ज्या शिक्षणाची हमी दर उन्हाळ्यात संपायची आणि नव्याने मिळणं प्रशिक्षकाच्या मर्जीवर असायचं, ते फुकट शिक्षण म्हणायचं की वर्षावर्षाची नोकरी?

यापेक्षा एक जुनं प्रकरण मला जास्त अस्वस्थ करतं. 1955 मध्ये कोलोरॅडो राज्यात फोर्ट लुईस या छोट्या कॉलेजकडून फुटबॉल खेळताना रे डेनिसन नावाच्या खेळाडूच्या डोक्याला मार लागला आणि तो गेला. त्याच्या पत्नीने कामगारांना मिळते तशी नुकसानभरपाई मागितली. 1957 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही, त्यामुळे हा नोकर नव्हे, असं त्यांचं म्हणणं. त्या छोट्या कॉलेजच्या बाबतीत ते कदाचित खरंही असेल. पण त्याच तर्काच्या आडोशाने पुढची कित्येक दशकं मोठाली विद्यापीठं धंदा करत राहिली.

धंदा हा शब्द मी रागाने वापरत नाहीये, आकडेच पाहा. मार्चमध्ये होणाऱ्या पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणासाठी 2025 ते 2032 या 8 वर्षांचा करार 880 कोटी डॉलरचा आहे. नामांकित फुटबॉल प्रशिक्षकांना वर्षाला 1 कोटी डॉलरच्या वर पगार मिळतो. 2023 मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने आपल्या फुटबॉल प्रशिक्षकाला मधेच काढलं, तेव्हा कराराप्रमाणे त्याला घरी बसण्यासाठी साडेसात कोटी डॉलरहून जास्त रक्कम देणं लागत होतं. आणि 2014 मध्ये, कनेटिकट विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा शबाझ नेपियर पत्रकारांना सांगत होता की काही रात्री तो उपाशी झोपतो, कारण खायला पैसे नसतात. त्याच्या क्रमांकाचे शर्ट त्याच वेळी विकले जात होते. हे बोलणं गाजल्यावर काही दिवसांत एनसीएएने खेळाडूंना हवं तितकं जेवण देण्याची मुभा दिली. इतक्या पटकन बदलता येणारा नियम इतकी वर्षं का टिकला?

तुम्ही सांगलीच्या, म्हणून एक गोष्ट विचारते. यात्रेच्या मैदानात लाखाची कुस्ती लागते, गावोगावची माणसं ती बघायला येतात. तिथे इनाम घेणाऱ्या मल्लाकडे बोट दाखवून, याने पैसे घेतले म्हणजे याची कुस्ती बाटली, असं कोणी म्हणतं का? उलट ठरलेलं इनाम दिलं नाही तर यात्रा कमिटीची अब्रू जाते. ज्याच्या अंगमेहनतीवर मैदान भरलं त्याचा वाटा त्याला मिळालाच पाहिजे, ही समज आपल्याकडे पक्की आहे. आपलं सरकारही खेलो इंडिया योजनेत निवडलेल्या खेळाडूंना प्रशिक्षणाच्या खर्चाशिवाय महिन्याला 10,000 रुपये हातखर्चाला देतं. त्याने मुलांचा खेळ बिघडल्याची तक्रार मी ऐकलेली नाही.

यजमान म्हणतील, पैशाचं सोडा, पदवीची किंमत कोण करणार? खरं आहे, पण ती पदवी खरी असली पाहिजे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात 1993 पासून 2011 पर्यंत असे अभ्यासक्रम चालत होते ज्यांत तास होत नसत, प्राध्यापक भेटत नसत, एक निबंध दिला की चांगले गुण मिळत. 2014 च्या चौकशी अहवालानुसार 3,100 हून अधिक विद्यार्थ्यांनी ते घेतले, आणि त्यांतले जवळजवळ निम्मे खेळाडू होते. हे देशातल्या नावाजलेल्या सरकारी विद्यापीठांपैकी एक. एनसीएएने 2017 मध्ये त्यावर शिक्षा केली नाही, कारण हे वर्ग इतर विद्यार्थ्यांनाही खुले होते. शिक्षण हाच मोबदला म्हणायचं आणि तो मोबदलाच खोटा निघाला तर कोणाला जाब विचारायचा नाही, हे एका शिक्षकाला तरी पटू नये. यजमानांना हा परिच्छेद जरूर वाचून दाखवा.

न्यायालयांना हे पटायला वेळ लागला. कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए संघातून 1995 मध्ये विजेता ठरलेला एड ओ'बॅनन याने पुढे एका व्हिडिओ गेममध्ये हुबेहूब स्वतःसारखा खेळाडू पाहिला. त्यासाठी त्याला ना कोणी विचारलं होतं, ना पैसा दिला होता. त्याने 2009 मध्ये दावा लावला. 2014 मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी एनसीएएचे निर्बंध मक्तेदारीविरोधी कायद्याच्या विरुद्ध ठरवले. मग 21 जून 2021 ला ऑल्स्टन या खेळाडूच्या नावाने चाललेल्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. एरवी पक्षापक्षांत विभागलेलं ते न्यायालय या मुद्द्यावर एकमताचं झालं, हे लक्षात घ्या. दहा दिवसांत, 1 जुलै 2021 पासून, खेळाडूंना आपलं नाव आणि छबी वापरून जाहिरातीचे पैसे मिळवायला मोकळीक मिळाली. तुमच्या पत्रातली गाडी बहुधा अशीच आली असेल. आणि कॉलेजकडून मिळणारे पैसे 2025 मधल्या तडजोडीतून आले. ग्रँट हाउस या जलतरणपटूच्या नावाने चाललेल्या त्या खटल्यात विल्केनबाईंनीच 6 जून 2025 ला तडजोड मंजूर केली. जुन्या खेळाडूंना 10 वर्षांत मिळून सुमारे 280 कोटी डॉलरची भरपाई, आणि 1 जुलै 2025 पासून प्रत्येक विद्यापीठाला पहिल्या वर्षी सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंना वाटण्याची परवानगी.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. ज्या खेळांवर तिकिटं विकली जातात, प्रक्षेपणाचे करार होतात, तिथल्या मुलांना पगार मिळाला पाहिजे. आणि नुसता पगारही पुरेसा नाही. त्यांना नोकर म्हणून मान्यता, दुखापतीची भरपाई आणि एकत्र येऊन वाटाघाटी करण्याचा हक्कही मिळाला पाहिजे. हा शेवटचा भाग अजून झालेला नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉल खेळाडूंनी 2014 मध्ये संघटना करायचा प्रयत्न केला, तो पुढच्या वर्षी कामगार मंडळाने हात झटकल्याने संपला. डार्टमथच्या बास्केटबॉल संघाने 2024 मध्ये 13 विरुद्ध 2 मतांनी संघटनेच्या बाजूने कौल दिला, आणि वर्ष संपताना अर्ज मागे घ्यावा लागला. आज पैसा आला आहे, पण मुलांच्या बाजूने बोलणारं कोणी टेबलावर नाही. त्यामुळे व्यवहार दलाल आणि श्रीमंत माजी विद्यार्थी ठरवतात, मुलं दरवर्षी कॉलेज बदलतात, आणि अभ्यासाची आबाळ होते. यजमानांची जी भीती आहे ती इथे खरी ठरते. पण यावर उपाय पैसा काढून घेणं हा नाही. नीट लिहिलेला करार हवा.

मुलींचं काय, हेही विचारायला हवं. जुन्या भरपाईचं जे सूत्र ठरलं त्यात बहुतांश वाटा पुरुषांच्या फुटबॉल आणि बास्केटबॉलचा आहे. शिक्षणात मुलामुलींत भेद करू नये, असा कायदा अमेरिकेत 1972 पासून आहे. त्यामुळे काही खेळाडू मुलींनी त्या वाटपाला आव्हान दिलं, आणि मला त्यांचं म्हणणं रास्त वाटतं.

आता तुमच्या मुलाकडे येऊ. इथे त्याला थोडं कडू वाटेल असं सांगावं लागणार आहे. तो बास्केटबॉलवाल्याइतकीच मेहनत करतो, यात शंका नाही. पण त्या विद्यापीठाच्या टेनिस कोर्टभोवती तिकीट काढून बसणारे प्रेक्षक बहुधा नसतील. टेनिसचा संघ तिथे बहुधा फुटबॉल-बास्केटबॉलच्या पैशावर चालत असेल. म्हणूनच वर्षानुवर्षं नियम असा होता की मुलांच्या टेनिस संघाला सगळ्या मिळून साडेचार स्कॉलरशिप, आणि त्या प्रशिक्षकाने आठ-दहा जणांत वाटायच्या. मुलींच्या संघाला आठ मिळत. तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांत आता ही मर्यादा गेली आहे, त्याऐवजी संघात किती खेळाडू ठेवायचे याची मर्यादा आली आहे. हिशोबाने पाहिलं तर साठ टक्के मिळवणारा तुमचा मुलगा संघातल्या महत्त्वाच्या खेळाडूंपैकी असणार. हे त्याला कोणी सांगितलं नसेल तर तुम्ही सांगा.

फुटबॉल-बास्केटबॉलच्या खेळाडूंना पैसे दिल्याने टेनिससारख्या खेळांवर कुऱ्हाड येऊ शकते, हेही मी लपवणार नाही. कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली विद्यापीठाने मार्च 2025 मध्ये पोहण्याचा संघ बंद केला, तेव्हा कारणांमध्ये ही तडजोड होती. पण 2020 मध्ये, एकाही खेळाडूला विद्यापीठाकडून पगार मिळत नव्हता तेव्हा, आयोवा विद्यापीठाने पुरुषांचं टेनिस बंद केलंच होतं. पैशाची चणचण आली की आधी कोणाला काढायचं, हे पूर्वीही ठरलेलं होतं. इमारतीतला तो बास्केटबॉलवाला तुमच्या मुलाच्या ताटातलं ओढून घेत नाहीये, एवढं त्याच्या मनात स्पष्ट असावं. ती कटुता घेऊन दोन वर्षं काढणं त्याला जड जाईल.

मग टेनिस खेळणाऱ्या मुलाचा हक्क कशावर आहे? पूर्ण झालेली खरी पदवी, दुखापतीचा पूर्ण खर्च, आणि वेळ. याच वाटेने पूर्वी गेलेली आपली मंडळी पाहा. महेश भूपती मिसिसिपी विद्यापीठात होता, 1995 मध्ये कॉलेज दुहेरीचं विजेतेपद त्याने मिळवलं. सोमदेव देववर्मन व्हर्जिनियाकडून 2007 आणि 2008 असं दोनदा एकेरीत जिंकला. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटला होता. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमला शिकली, खेळली आणि पुढे हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. या चौघांनीही कॉलेजच्या वर्षांचा उपयोग पुढच्या खेळासाठी करून घेतला. तुमचा मुलगा पुढे व्यावसायिक खेळेल की नाही ते मला माहीत नाही. त्याला ते ठरवता यावं एवढं अंग आणि डोकं दोन वर्षांनंतर शाबूत राहिलं पाहिजे. सरावाला आठवड्याला 20 तासांची मर्यादा आहे, पण त्यात प्रवास आणि फिजिओकडचा वेळ धरत नाहीत, आणि सामन्याचा अख्खा दिवस तीन तासांचा मोजतात. त्यावर शनिवार-रविवारची शिकवणी चढवली तर तो झोपणार कधी?

आणि आता व्हिसा. तो एफ-1 वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असणार. या व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येतं. आवाराबाहेर परवानगीशिवाय काम करता येत नाही. 2021 मध्ये खेळाचे नियम बदलले, व्हिसाचे बदलले नाहीत. शेजारच्या अमेरिकन मुलाला जे मोकळं आहे ते तुमच्या मुलाला नाही, यातला अन्याय मला दिसतो. कॅनडा, काँगोसारख्या देशांतून आलेल्या मोठ्या खेळाडूंनीही तो सोसला आहे. पण दुकानदाराने देऊ केलेली दोन्ही कामं, म्हणजे व्हिडिओ करणं आणि मुलांना शिकवणं, अमेरिकेत बसून केलेलं कामच आहे. शिकवणी तर निखालस बिनपरवाना नोकरी. ते उघड झालं तर एफ-1 चा दर्जा जातो, आणि एरवी चूक झाली तर दर्जा पुन्हा मिळवण्यासाठी अर्ज करायची जी सोय असते, ती बिनपरवाना काम केलेल्याला मिळत नाही. महिन्याच्या 800 डॉलरसाठी पदवी, टेनिस आणि तुम्ही काढलेलं कर्ज पणाला लावायचं नाही. इन्स्टाग्रामचा व्हिडिओ तर तारखेसह पुरावाच असतो.

भावाच्या खात्यात पैसे घेण्याने यातलं काहीही बदलत नाही. काम मुलानेच केलेलं राहतं, फक्त त्याला लपवाछपवी जोडली जाते आणि भाऊही अडकतो. खेळाच्या नियमांनुसारही 600 डॉलर किंवा त्याहून मोठा बाहेरचा करार जाहीर करावा लागतो, म्हणजे मुलगा दोन्ही बाजूंनी खोटा पडेल. तुमच्या भावाने हे भाच्याच्या मायेपोटी सुचवलं असणार. पण ते मुलाच्या कानावर पुन्हा पडू नये.

मग करायचं काय? मुलाने या आठवड्यात दोन ठिकाणी जावं. एक, परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयातल्या अधिकाऱ्याकडे, ज्याला तिथे डीएसओ म्हणतात. दोन, क्रीडा विभागाच्या कंप्लायन्स ऑफिसमध्ये, म्हणजे खेळाडू नियम पाळतात की नाही हे बघणाऱ्या कार्यालयात. दुकानदाराचा प्रस्ताव जसाच्या तसा सांगावा आणि उत्तर ईमेलवर मागावं. विचारण्याने काही बिघडत नाही, न विचारता करण्याने बिघडतं. उन्हाळ्यात तो सांगलीला येईल तेव्हा भारतात राहून केलेल्या कामाला एफ-1 चं हे बंधन लागत नाही. केंटकी विद्यापीठात खेळणारा काँगोचा ऑस्कर चिब्वे 2022 मध्ये संघाबरोबर बहामाला गेला होता, तेव्हा तिथे, अमेरिकेबाहेर, त्याने अशा कराराची कामं उरकली. तुमचा मुलगा इथल्या एखाद्या अकादमीत महिनाभर शिकवू शकतो, इथल्या क्रीडासाहित्याच्या दुकानासाठी फोटो काढू शकतो. जाहिरात असेल तर तीही कंप्लायन्स ऑफिसला आधी कळवायची, आणि रक्कम मोठी असेल तर इमिग्रेशन वकिलाचा एकदा सल्ला घ्यायचा. तिथे राहून पैसे हवेत तर आवारातलं काम पाहावं: ग्रंथालय, व्यायामशाळेचं काउंटर, गणिताचा शिकवणी विभाग. आठवड्याचे सहा-आठ तास पुरेत. महिन्याचा हातखर्च निघेल आणि तुमच्याकडे मागताना ओशाळणं थांबेल, जे मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

कराचंही एक सांगते, कारण बऱ्याच पालकांना ते माहीत नसतं. स्कॉलरशिपमधला राहण्याजेवणाचा भाग करपात्र असतो, आणि परदेशी विद्यार्थ्याकडून त्यावर सहसा 14 टक्के कापले जातात. पण भारत-अमेरिका करकराराच्या 21 व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला अमेरिकन नागरिकासारखी प्रमाणित वजावट घेता येते, म्हणजे उत्पन्नातली एक ठरावीक रक्कम करातून वगळता येते. त्याने विवरणपत्र भरताना ती घेतली आहे का, विचारा. घेतली नसेल तर कापलेल्यातले काही पैसे परत मिळण्याची शक्यता आहे.

तिसरं, प्रशिक्षकाशी बोलणं. पुढच्या वर्षाची स्कॉलरशिप वाढवून मागायची हीच वेळ आहे, कारण जुनी साडेचारची मर्यादा त्याच्या विद्यापीठात उठली असू शकते. त्याने निकाल, गुण आणि आकडा घेऊन जावं, तक्रार घेऊन जाऊ नये. "मला साठवरून ऐंशी टक्के हवेत, आणि ते पदवी पूर्ण होईपर्यंत लेखी हवेत," असं सरळ सांगावं. दुखापत झाली तर स्कॉलरशिप राहील का, कॉलेज सोडल्यावर जुन्या दुखापतीचा खर्च किती काळ मिळेल, हेही त्याच बैठकीत विचारावं. 2024 पासून एनसीएएच्या पहिल्या श्रेणीच्या (डिव्हिजन वन) विद्यापीठांना खेळातल्या दुखापतीचा खर्च खेळाडू बाहेर पडल्यावर निदान दोन वर्षं द्यावा लागतो. त्याचं विद्यापीठ त्या श्रेणीत आहे का, ते पाहावं. ऐंशी मिळाले तर वर्षाचा हिशोब दुकानदाराच्या पैशांच्या आसपास जाऊ शकतो, सत्तर मिळाले तरी भार हलका होईल, आणि त्यात कसलाही धोका नाही.

राहिलं बापलेकांचं. यजमानांनी मुलाला फोन करावा, मुलाने नव्हे. मोठ्या माणसाने पहिलं पाऊल टाकलं की लहानाला उत्तर देणं सोपं जातं. "तू मागतोयस ते चूक आहे" असं त्यांनी आजवर म्हटलं आहे. आता त्यांनी म्हणावं, "तू मागतोयस ते बरोबर आहे, पण या मार्गाने ते तुला मिळू शकत नाही, आणि तुझं नुकसान मला बघवणार नाही." हे दोन्ही खरं आहे, त्यामुळे त्यांना खोटं काही बोलावं लागणार नाही. मुलाला पैशांपेक्षा जास्त हे लागलं असावं की वडिलांच्या लेखी त्याची पहाटेची मेहनत म्हणजे फक्त फीमधली सूट आहे. आणि तुमच्या भावाला फोन तुम्ही करा, आजच.